वाईट बातमी आधी तुमच्यापर्यंत येऊ द्या

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि पलूस भागातल्या कारखान्यांचे मालक, प्लँट हेड, खातेप्रमुख आणि शिफ्ट इन्चार्ज यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत जाऊन माल तपासायचा आणि तक्रार आली की तिचं मूळ शोधायचं, हे माझं काम. या कामामुळं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शॉपवर मी तासन्‌तास उभी राहिले आहे, तुमच्या केबिनमध्ये चहा घेतला आहे. तुमच्यातले बहुतेक जण पहाटेपासून राबतात, बँकेचे हप्ते आणि पार्टीचं पेमेंट यांच्या ओढाताणीतही माणसांचे पगार वेळेवर करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच हे मोकळेपणानं लिहिते आहे.

तुमच्या कारखान्यात काय बिघडलंय हे मशीनवरच्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं आणि तुम्हाला सगळ्यांत शेवटी. तुमच्याही आधी कित्येकदा ते ग्राहकाला कळतं. उत्पादकता वाढवायची म्हणून तुम्ही सल्लागार आणता, भिंतीवर फाइव्ह एसचे (जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचे) तक्ते लावता, नवीन सॉफ्टवेअर घेता. ते सगळं घ्या, पण बिघाडाची बातमी खालून वर यायला किती वेळ लागतो आणि वाटेत ती कुठं अडते, हे आधी तपासा. बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

एका मशीन शॉपमधली गोष्ट सांगते. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही, कारण असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. पंपाच्या एका भागावरची भोकं जागेवर येत नाहीत, जुळणीच्या वेळी बोल्ट बसत नाही, अशी ग्राहकाची तक्रार होती. कारखान्यानं रीतसर एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय सांगणारा अहवाल) दिला. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. उपाययोजना काय, तर ‘ऑपरेटरला समज दिली, प्रशिक्षण दिले’. सोबत प्रशिक्षणाच्या हजेरीचा कागद आणि खाली सगळ्यांच्या सह्या. काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा आली.

मग मी व्हीएमसीवर (भोकं पाडणाऱ्या संगणकी मशीनवर) जाऊन उभी राहिले. पहिल्या पाळीचा ऑपरेटर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, फिक्स्चरमध्ये (तो पक्का धरून ठेवणाऱ्या साच्यात) बसवत होता. क्लॅम्प आवळण्याआधी त्याचा डावा हात सवयीनं टूल ट्रॉलीकडं गेला, तिथून त्यानं पत्र्याची एक बारीक पट्टी उचलली, जॉब आणि त्याची जागा ठरवणाऱ्या लोकेटिंग पिनेच्या मध्ये सरकवली आणि मग क्लॅम्प आवळला. पट्टी वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. मी विचारलं, हे काय? तो आधी गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, पिन झिजलीय. ही पट्टी नाय लावली तर होल सरकतंय.” ही पट्टी तिन्ही पाळ्यांना माहीत होती. एक ऑपरेटर घरी जाताना ती दुसऱ्याच्या हातात देऊन जायचा. नवा माणूस मशीनवर आला आणि त्याला कुणी सांगायचं राहिलं, की त्या पाळीत माल बिघडायचा. पिन बदलणं हे टूल रूममधलं फार तर तासाभराचं काम होतं.

मशीन लावून देणाऱ्या सेटरला त्यानं सांगितलं होतं. सेटर म्हणाला होता, “डिस्पॅच होऊ दे, मग बघू. तोवर चालू दे.” शिफ्ट इन्चार्जला का नाही सांगितलं, हे मी विचारलं तेव्हा त्यानं जुनी गोष्ट काढली. कधीतरी स्पिंडलमधून आवाज यायला लागला म्हणून त्यानं मशीन बंद केलं होतं. आवाज खरंच बेअरिंगचा होता. पण त्या दिवशी पूर्ण लाइनसमोर त्याला ऐकावं लागलं, “तुझ्या बापाचं मशीन आहे काय, बंद करून ठेवायला?” त्यानंतर त्यानं स्वतःहून मशीन कधी थांबवलं नाही.

ज्या साहेबांनी ते वाक्य उच्चारलं ते वाईट नव्हते. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी होती, वरून फोनवर फोन येत होते. रागाच्या भरात एक वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला. ऑपरेटरच्या दृष्टीनं तो तिथून सुरू झाला. आपण काय बोललो हे साहेब संध्याकाळपर्यंत विसरतात. ऐकणारा ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो, आणि नव्यानं कामाला लागलेल्या पोरालाही सांगतो, की बाबा, इथं आपण होऊन काही बोलायचं नाही.

पावसाळ्यात आपल्याकडं घरोघरी एकच प्रश्न असतो, आयर्विनला (सांगलीच्या कृष्णेवरच्या पुलाला) पाणी किती? ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा फुटाफुटाचा आकडा फोनवरून गावोगाव फिरत होता, आणि आकडा सांगणाऱ्यावर कुणी डोळे वटारत नव्हतं. उलट, आकडा लवकर कळावा म्हणून सगळे धडपडत होते, कारण ज्याला तो वेळेत कळला त्यानं जनावरं सोडवली, धान्य माडीवर नेलं. पुराची बातमी इतक्या शहाणपणानं हाताळणारी आपण माणसं रिजेक्शनची, म्हणजे नापास मालाची, बातमी आणणाऱ्यावर मात्र तुटून पडतो.

यावर बाहेर अभ्यास झालेला आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. ज्या वॉर्डात प्रमुख चांगला आणि माणसांचं एकमेकांशी जुळलेलं, तिथं चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या चमूंच्या नावावर चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर त्यांना याचं कारण दिसलं. त्या वॉर्डांत चूक झाली तर माणसं ती उघड बोलत होती, लिहून ठेवत होती. जिथं प्रमुखाची दहशत होती तिथं चुका दाबल्या जात होत्या आणि कागद स्वच्छ दिसत होता. १९९६ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. एखाद्या शॉपचा रिजेक्शनचा तक्ता महिनोन्‌महिने एकसारखा स्वच्छ दिसला की मला आनंद होण्याआधी काळजी वाटते, त्याचं कारण हेच.

आता तुम्ही म्हणाल, करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे वाईट बातमी कानावर आल्यानंतरचं तुमचं पहिलं वाक्य. ते आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं तापलेलं असतं. “बरं झालं सांगितलंस, चल बघू,” एवढं पुरे. आणि खरंच उठून जा. केबिनमध्ये बसून “फोटो पाठव” म्हणू नका. मशीनजवळ जाऊन कधीपासून होतंय, आतापर्यंत किती जॉब गेले आणि ते कुठं ठेवलेत, एवढं विचारा. कुणामुळं झालं हा प्रश्न त्या पहिल्या अर्ध्या तासात तोंडातून काढू नका. त्यानं माल वेगळा होत नाही, उलट चांगला आणि संशयित माल एकत्र ढकलला जातो. संशयित जॉब लाल ट्रेमध्ये गेले, त्यावर चिठ्ठी लागली, की मग पुढचं शांतपणे बघता येतं.

माणसाची चूक कधी नसतेच, असं मी म्हणत नाही. कुणी मुद्दाम गेज (मोजायचं साधन) न लावता आकडे भरले, दारू पिऊन पाळीवर आला, सेफ्टी गार्ड काढून ठेवला, तर कारवाई करायलाच हवी, आणि ती ठामपणे करा. पण कारवाई करायची ती लपवाछपवीबद्दल. सांगितल्याबद्दल शिक्षा झाली, असं एकदाही दिसता कामा नये. हा फरक माणसांना नियमावलीतून कळत नाही. दोन-तीन वेळा तुम्ही प्रत्यक्ष कसे वागलात, यावरून ती ताडतात.

व्हाय-व्हाय अनॅलिसिस, म्हणजे ‘का’ विचारत मूळ कारण शोधणं, करताना कारण माणसापाशी येऊन थांबलं, तर ते अर्ध्यातच थांबलंय असं समजा. टोयोटाच्या ताइइची ओनोंनी पाच वेळा ‘का’ विचारायला शिकवलं ते पुढं जाण्यासाठी. ऑपरेटर चुकला. का चुकला? पट्टी लावली नाही. का लावली नाही? नवा होता, त्याला माहीत नव्हतं. पट्टी मुळात का लागते? पिन झिजली. ती झिजेपर्यंत कुणी का पाहिली नाही? फिक्स्चर तपासायचं वेळापत्रकच नाही. इथं तुमच्या हाती काहीतरी आलं, कारण वेळापत्रक करता येतं. निष्काळजीपणावर उपाय म्हणून सह्यांचा कागद जोडला तर पुढच्या महिन्यात मी पुन्हा तुमच्या दारात उभी असणार. ग्राहकाच्या बाजूनं आम्हीही असले रिपोर्ट मुकाट्यानं स्वीकारतो, तेही बंद व्हायला हवं, आणि मी माझ्या बाजूनं ते परत पाठवायला सुरुवात केली आहे.

त्याच टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कामगाराच्या हाताशी एक दोरी असायची, आता बऱ्याच ठिकाणी बटण असतं. वावगं दिसलं की ती ओढायची. टीम लीडर लगेच येतो, ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. आपल्याकडंही अनेक शॉपवर लाल, पिवळे, हिरवे दिवे बसवलेत. लाल दिवा लागलेला मात्र मला फार क्वचित दिसतो. दिवा बसवायला इलेक्ट्रिशियन पुरतो. तो लावायची हिंमत माणसाला तुम्हीच द्यायची आहे.

पाळी बदलताना काय होतं ते एकदा गेटवर उभं राहून पाहा. पहिल्या पाळीचा माणूस पंच करून गाडीला किक मारतो, त्याला बेडगला नाहीतर मालगावला जायचंय. दुसऱ्या पाळीचा आत येतोय. दोघांची भेट पार्किंगमध्ये, तीही हात वर करण्यापुरती. मशीनवर काय चाललंय, कुठला इन्सर्ट (कापणारं पातं) किती चाललाय, कुठला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) दिलाय, हे सगळं पहिल्या माणसाच्या डोक्यातून त्याच्या घरी जातं. पाळी बदलताना दोघांचं दहा मिनिटांचं जोडकाम ठेवा, त्या दहा मिनिटांचे पैसे द्या, आणि बोलणं मशीनजवळ होऊ द्या. जाणाऱ्यानं येणाऱ्याला शेवटचा जॉब मोजून दाखवायचा आणि आज काय त्रास झाला ते वहीत दोन ओळींत लिहायचं. ‘सर्व ओके’ हा शेरा त्या वहीत चालणार नाही, असं पहिल्याच दिवशी सांगा. काहीच त्रास झाला नाही अशी पाळी मी तरी पाहिलेली नाही. आणि ती वही शिफ्ट इन्चार्जनं रोज वाचायची. महिन्याच्या शेवटी ऑडिटसाठी एकगठ्ठा सह्या मारायची वही नुसती जागा अडवते.

सकाळच्या मिटिंगबद्दल थोडक्यात सांगते. दहा माणसं तासभर बसून आदल्या दिवशीचे आकडे वाचून दाखवतात, ते आकडे आधीच सगळ्यांच्या मोबाइलवर आलेले असतात. ती मिटिंग शॉपवर, बोर्डासमोर, उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत घ्या. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, ‘तुझं कुठं अडलंय?’ आणि अडलेलं काम कोण, कधीपर्यंत सोडवणार ते बोर्डावर लिहा. दुसऱ्या दिवशी सुरुवात त्याच ओळीपासून करा.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय, कारण त्यानं फार नुकसान केलंय. खराब जॉबचा फोटो ग्रुपवर टाकायचा, खाली ऑपरेटरचं नाव, त्याखाली मोठ्या साहेबांचा प्रश्न, ‘हे काय आहे?’ चाळीस माणसं ते बघतात. त्या माणसाची बायको शेजारी बसलेली असते, पोरगा मोबाइलवर खेळता खेळता ते वाचतो. मी एका ऑपरेटरला जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसलेलं पाहिलंय, कारण सकाळी त्याचं नाव असं ग्रुपवर आलं होतं. चारचौघांत बोलायचं ते कौतुक असू द्या. कानउघाडणी करायचीच असेल तर बाजूला बोलावून करा. आणि मशीन बंद पडणं किंवा अपघात सोडला, तर रात्री दहानंतर ग्रुपवर काही टाकू नका. साहेबांचा रात्री साडेअकराचा मेसेज वाचलेला सुपरवायझर सकाळी सात वाजता ताजातवाना येईल, अशी अपेक्षा कशी करायची?

ओव्हरटाइमचंही तसंच आहे. महिनाअखेर आली की बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू होतात. कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो, पण मी इथं फक्त मालाबद्दल बोलते. जॉन पेन्कॅव्हेल या स्टॅनफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि २०१४ साली निष्कर्ष मांडले. आठवड्याला साधारण ५० तासांपर्यंत तास वाढतात तसं उत्पादन वाढतं. त्यापुढं वाढ मंदावते. ७० तास राबणाऱ्यांचा माल ५६ तासांवाल्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ पाण्यात गेले. शिवाय दमलेल्या माणसाला बिघाड दिसत नाही आणि दिसला तरी तो सांगायला त्याच्या अंगात त्राण नसतं. महिनाअखेरीच्या मालाच्याच तक्रारी जास्त का येतात, याची तुमच्या रेकॉर्डवर एकदा तारखेनुसार मांडणी करून पाहा.

माणसांवर एवढा विश्वास टाकायचा तर ती डोक्यावर बसतील, हे मला नेहमी ऐकवलं जातं. हे बोलणारे पलूस-किर्लोस्करवाडीच्या मुलखात राहतात, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. १९१० साली उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला, आले. जागा दिली औंध संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. त्या ओसाड माळावर लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना पहारा करायला ठेवलं. पुढं याच औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंतींशिवायची कैद्यांची वसाहत उभी केली. कैदी तिथं बायकामुलांसह राहून शेती करायचे. ही उदाहरणं जपानमधली नाहीत, आपल्या जिल्ह्यातली आहेत. आयटीआय करून आलेल्या, घरी म्हातारे आईबाप असलेल्या पोरावर मशीन थांबवण्यापुरता विश्वास ठेवायला आपल्याला इतकं जड का जावं?

कंत्राटी कामगारांचा आणि ट्रेनींचा विचार वेगळा करावा लागतो. बिहार, ओडिशातून आलेल्या मुलांना सूचनाफलक वाचता येत नाहीत, सुपरवायझरचं मराठी अर्धंच कळतं, आणि काही बोललं तर ठेकेदार उद्या गेटवरून परत पाठवेल ही भीती. बिघाड बघूनही सर्वांत गप्प राहतो तो हा माणूस. त्यांच्यासाठी हिंदीत आणि चित्रांनी सूचना लावा. प्रत्येक लाइनवर त्यांच्यातलाच एक जाणता माणूस नेमा, त्यानं त्यांचं म्हणणं रोज इन्चार्जपर्यंत आणायचं. आणि बिघाड सांगणाऱ्याला गेटवरून परत पाठवायचं नाही, हे ठेकेदाराला लेखी कळवा.

कुणी काही सांगितलं तर त्याचं पुढं काय झालं, हे त्याला परत येऊन सांगा. सूचनापेट्या बहुतेक कारखान्यांत आहेत. एका ठिकाणी तिच्या कुलपाची किल्लीच कुणाकडं सापडेना. सूचना अमलात आणता आली नाही तरी चालतं. “खर्च परवडत नाही, सहा महिन्यांनी बघू,” असं तोंडावर सांगितलेलं माणसांना पटतं. उत्तरच आलं नाही, की दुसऱ्यांदा कुणी तोंड उघडत नाही.

शेवटी मालकांना आणि प्लँट हेडना. वरचं सगळं खातेप्रमुखांनी करावं असं वाटत असेल तर ते तुमच्यापासून सुरू करावं लागेल. तुमच्यासमोर आकडा कमी सांगितला म्हणून ज्या मॅनेजरचा पाणउतारा होतो, तो खाली जाऊन शांतपणे “बरं झालं सांगितलंस” म्हणू शकत नाही. तो आकडे सरळ करून आणायला शिकतो. तुम्ही महिन्यातून एकदा, न सांगता, दुसऱ्या पाळीत शॉपवर जा. सोबत कुणाला नेऊ नका. दोन मशीनपाशी थांबून विचारा, “काम करताना कशाचा त्रास होतो?” सुरुवातीला “काही नाही साहेब” हेच उत्तर येईल. पुन्हा जा.

माझी एक मागणी आहे, आणि ती लगेच करता येण्यासारखी आहे. तुमच्या रिजेक्शन रिपोर्टमध्ये दोन रकाने वाढवा: हे सर्वांत आधी कुणाच्या लक्षात आलं, आणि त्यानं सांगितल्यापासून उपाय सुरू व्हायला किती वेळ लागला. पहिल्या रकान्यात ऑपरेटरचं नाव आलं तर महिन्याच्या मिटिंगमध्ये ते नाव मोठ्यानं वाचा. दुसऱ्या रकान्यातला वेळ ही तुमची स्वतःची जबाबदारी समजा. मी पुढच्या वेळी ऑडिटला येईन तेव्हा आधी हे दोन रकाने बघायला मागणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक क्वालिटी इन्स्पेक्टर, मिरज